लांबच्या डोंगरांना मुंग्या का येतात?

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘बघा’ आणि ‘म्हणजे’ बरेचसे तसेच ठेवलेत.)

आजचा विषय फ्लाइट सिम्युलेटर, आणि त्यातली एक कटकट, जी जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी छळते. विमान हवेत आहे, कॉकपिट झकास दिसतंय, खालचे रस्ते स्वच्छ. पण समोर क्षितिजाजवळचे डोंगर मात्र वळवळतायत. जुन्या टीव्हीचा अँटेना हलला की पडद्यावर मुंग्या यायच्या ना, तसं.

यावर देवनारहून एका ऐकणाऱ्याचा व्हॉइस मेसेज आला. तो म्हणतो, “दादा, पीसी जुना आहे, ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड. मुंबईवरून पूर्वेला निघालो की माथेरानच्या बाजूचे डोंगर चमचमतात. दुकानदार म्हणतो कार्ड गेलं, नवीन घे, पंचवीस हजार लागतील. या महिन्यात आईची भिशी लागतेय. घेऊ का?”

उत्तर आधीच सांगतो: थांब. भिशीला हात लावू नकोस. ही लक्षणं बिघडलेल्या कार्डाची वाटत नाहीत. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका, स्वतः तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

कार्ड खरंच गेलंय का?

पहिली तपासणी. सिम बंद करा आणि साधा डेस्कटॉप बघा, एखादा व्हिडिओ लावा, दुसरा गेम चालवा. कार्ड खराब होत असेल तर रंगीत ठिपके, चौकोन, रेषा कुठेही दिसतात. जवळ दिसतात, लांब दिसतात, कधी कधी पीसी चालू होतानाच दिसतात. फक्त लांबचे डोंगर निवडून चमचमवायची अक्कल खराब कार्डाला नसते.

दुसरी तपासणी. स्क्रीनशॉट काढा आणि तो फोनवर पाठवून बघा. गडबड स्क्रीनवर आहे पण स्क्रीनशॉटमध्ये नाही, तर संशय केबलवर किंवा मॉनिटरवर. पाचशे रुपयांच्या केबलसाठी पंचवीस हजारांचं कार्ड बदललेलं कुणाला परवडेल?

तिसरी तपासणी. सिम पॉज करा आणि कॅमेरा अजिबात हलवू नका. डोंगर शांत झाले का? मग कॅमेरा हळूच फिरवा. पुन्हा मुंग्या? म्हणजे हा चित्र काढण्याच्या पद्धतीचा प्रश्न आहे. याला एलिआसिंग म्हणतात. पॉज असतानाही अगदी बारीक थरथर राहिली तर घाबरू नका. टीएए नावाची पद्धत मुद्दाम प्रत्येक फ्रेम किंचित सरकवून काढते, त्यामुळे तसं होऊ शकतं.

एका पिक्सेलमध्ये किती जमीन मावते?

आता आकडेमोड. समजा तुम्ही देवनारवर ३,००० फुटांवर आहात, म्हणजे साधारण ९१४ मीटर. नाक पूर्वेकडे. उजवीकडे ट्रॉम्बेचा डोंगर, खाली ठाण्याची खाडी, समोर नवी मुंबई, त्यामागे पनवेल, आणि अगदी मागे माथेरानचं पठार. (बीएआरसीच्या शेजारी खऱ्या आयुष्यात असं घिरट्या घालत बसता येणार नाही. सिममध्ये येतं.)

स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद आणि नजरेचा कोन ६० अंश धरू. माथेरान इथून साधारण ३८ किलोमीटर. त्याची उंची सुमारे ८०० मीटर. एवढा मोठा डोंगर तुमच्या स्क्रीनवर उभा किती? जेमतेम ३५ पिक्सेल. त्यातच सगळे कडे, झाडी, सावल्या बसवायच्या.

आता पनवेलच्या आसपासची सपाट जमीन घ्या, २२ किलोमीटरवर. तिथे एक पिक्सेल साधारण १३ मीटर रुंदीची जमीन व्यापतो. पण आपण तिरके बघतोय ना, त्यामुळे तोच पिक्सेल लांबीला ३०० मीटरहून जास्त जमीन खातो. जमिनीवर लावलेल्या उपग्रहाच्या फोटोत दर मीटरला एक ठिपका असेल, तर त्या एका पिक्सेलमध्ये चार हजारांहून जास्त ठिपके आले. शेत, छप्पर, रस्ता, झाड, सगळं. आणि दाखवायचा रंग एकच.

कार्डाने त्यातला एखादा ठिपका उचलला, तर या फ्रेमला छपराचा पांढरा येईल, पुढच्या फ्रेमला विमान जरा सरकलं की झाडाचा हिरवा, त्यापुढे रस्त्याचा करडा. सेकंदाला तीस-चाळीस वेळा. झाल्या मुंग्या!

घरी बघायचं असेल तर दोन मच्छरजाळ्या एकमेकींवर धरा आणि एक हळूच सरकवा. लाटा पळताना दिसतील. जाळीत लाटा नाहीत, जाळीच्या दोऱ्यांचा आणि दुसऱ्या जाळीच्या भोकांचा मेळ बसत नाही म्हणून त्या दिसतात. टीव्हीवर बारीक रेघांचा शर्ट घातलेला माणूस आला की शर्ट पोहतो, तेही हेच.

मग यावर उत्तर काय?

रांगोळी जवळून बघितली तर कण न् कण दिसतो. तीच चौथ्या मजल्यावरून बघा, सगळे कण मिसळून एक रंग दिसतो. डोळा सरासरी काढतो. कार्डालाही तेच करायला लावायचं.

१९८३ साली लान्स विल्यम्स यांनी यासाठी मिपमॅपची पद्धत मांडली. एकाच फोटोच्या आधीच लहान लहान प्रती करून ठेवायच्या: निम्मी, पाव, अशा खाली खाली. प्रत्येक प्रतीत रंगांची सरासरी तयार. लांबच्या जमिनीला लहान प्रत लावायची. मेमरी किती जास्त लागते? फक्त एक तृतीयांश.

पण मेख इथे आहे. आपला पिक्सेल जमिनीवर चौकोनी पडत नाही, १३ बाय ३०० असा पट्टा पडतो. १३ ला साजेशी प्रत घेतली तर मुंग्या, ३०० ला साजेशी घेतली तर सगळं बटबटीत पुसट. म्हणून ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग. ते पट्ट्याच्या लांबीवर अनेक ठिकाणी नमुने घेऊन सरासरी काढतं. १६एक्स म्हणजे पट्टा रुंदीच्या १६ पट लांब असेपर्यंत ते नीट सांभाळून घेतं.

उपाय, एकेक करून

आधी नियम. तीच जागा, तीच वेळ, तेच हवामान ठेवून फ्लाइट सेव्ह करा. एका वेळी एकच सेटिंग बदला. पाच एकदम बदलली तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

एक. रेंडर स्केल १०० टक्के करा. डीएलएसएस किंवा एफएसआर ‘परफॉर्मन्स’वर असेल, तर १०८० च्या स्क्रीनसाठी कार्ड आतून फक्त ९६० बाय ५४० चं चित्र काढतं आणि मग मोठं करतं. म्हणजे आपण वर मोजलेला पिक्सेल रुंदीला आणि लांबीला दुप्पट झाला. फ्रेम कमी पडत असतील तर निदान ‘क्वालिटी’वर ठेवा, तिथे १२८० बाय ७२० तरी मिळतं.

दोन. ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६एक्स. जुन्या कार्डालाही याचा भार फारसा जाणवत नाही.

तीन. शार्पनिंग कमी करा किंवा बंद करा. शार्पनिंग म्हणजे शेजारच्या दोन ठिपक्यांमधला फरक वाढवणं. आपण तो कमी करायला निघालोय!

चार. अँटी-एलिआसिंग. इथे नावं सारखी आणि कामं वेगळी. एफएक्सएए तयार चित्रातल्या कडा पुसते. स्वस्त आहे, पण वळवळ थांबवत नाही. एमएसएए आकारांच्या कडा सुधारते, जमिनीवरच्या फोटोच्या आतली चमचम तशीच राहते. एसएसएए सगळंच सुधारते, कारण ती चित्रच मोठं काढून लहान करते. पण ४एक्सला चौपट पिक्सेल काढावे लागतात, जुनं कार्ड गुडघे टेकतं. टीएए आधीच्या फ्रेम्स मिसळून सरासरी काढते. लांबच्या डोंगरांसाठी जुन्या कार्डावर हीच बरी, थोडं पुसटपण सोसायचं.

पाच. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये ‘टेक्श्चर फिल्टरिंग क्वालिटी’ हाय क्वालिटी करा आणि ‘निगेटिव्ह एलओडी बायस’ क्लॅम्पवर ठेवा. निगेटिव्ह बायस म्हणजे लांबच्या जमिनीला मुद्दाम गरजेपेक्षा मोठी प्रत लावणं. स्क्रीनशॉट कडक येतो, पण उडताना मुंग्या. एक सांगतो, डायरेक्टएक्स १२ किंवा व्हल्कनवर चालणाऱ्या सिममध्ये बाहेरून लादलेल्या अशा सेटिंग्ज बऱ्याचदा लागू होत नाहीत. तिथे सिमच्या आतलीच सेटिंग्ज बदलायची.

देवनारच्या आपल्या दोस्ताने हे सगळं केलं. त्याचं रेंडरिंग ‘परफॉर्मन्स’वर आणि शार्पनिंग पूर्ण टोकाला होतं. दोन दिवसांनी त्याने कळवलं की माथेरान शांत झालं. विजेचे टॉवर आणि तारा अजून लुकलुकतात. ते लुकलुकणारच, तार पिक्सेलपेक्षा कितीतरी बारीक असते. आणि खाडीचा काठ अजून हलतो म्हणाला. त्याचं कारण वेगळं आहे.

पट्टे पट्टे दिसत असतील तर

मुंग्या म्हणजे बारीक दाणे. पण पाणी आणि जमीन, किंवा रस्ता आणि माती, असे दोन मोठे तुकडे आळीपाळीने पुढे-मागे होत असतील, तर ते झेड-फायटिंग. कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे, हे कार्ड एका आकड्यात साठवतं. तो आकडा जवळ अगदी अचूक असतो, लांब ढोबळ होत जातो. साध्या २४ बिटांच्या पद्धतीत, चित्र डोळ्यापासून १ मीटरवर सुरू होतं असं धरलं, तर २० किलोमीटरवर साधारण २४ मीटरचा फरक कार्डाला ओळखू येत नाही. खाडीचं पाणी आणि काठचा चिखल यात २४ मीटर कुठे असतात? मग दोघं भांडतात.

नवी सिम्स हा आकडा वेगळ्या पद्धतीने साठवतात, म्हणून तिथे हा त्रास कमी. तुमच्या हातात एवढंच: एकाच जागेची दोन सीनरी किंवा दोन मेश एकावर एक टाकले असतील तर एक काढा.

तिसरा प्रकार, वळल्यावर काही होत नाही पण पुढे गेल्यावर डोंगर टुणकन आकार बदलतो. तो एलओडीचा बदल. टेरेनची एलओडी थोडी वाढवा, तेवढंच.

हवा आणि उलव्याची टेकडी

एक फुकटचा उपाय कुणी सांगत नाही. व्हिजिबिलिटी कमी करा. हिवाळ्यातल्या सकाळी देवनारहून माथेरान खरंच दिसतं का? खाडीपलीकडची नवी मुंबई दिसली तरी खूप. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या डम्पिंगला आग लागली तेव्हाचा धूर तर उपग्रहाच्या फोटोतही दिसला होता. आपल्या हवेत ५० किलोमीटर स्वच्छ दिसणं हेच खोटं. धुरकं वाढवलं की लांबचे ठिपके एका रंगात मिसळतात. मुंग्या कमी, आणि मुंबई जास्त मुंबईसारखी.

आणि एक गंमत. जगभरच्या जमिनीची उंची अनेक सिम्सनी ज्या मोजणीवरून घेतली, ती एन्डेव्हर शटलने फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवसांत केली होती. त्यानंतर नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. जुन्या मेशमध्ये मात्र टेकडी अजून उभी. तिथे धावपट्टीच्या जागी डोंगर दिसला तर त्यात कार्डाचा काही दोष नाही!

फोनवर उडवणाऱ्यांसाठी

तुमच्यापैकी बरेच जण फोनवरच उडवता. तिथे सेटिंग्ज दोन-तीनच असतात. रेंडरिंग रिझोल्यूशन वाढवा, अँटी-एलिआसिंग चालू करा, फ्रेमरेट ३० वर बांधा म्हणजे फोन कमी तापेल. तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. आणि कुणाला दाखवायला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवू नका. तो दाबला जाऊन येतो आणि त्याच्या मुंग्या वेगळ्याच असतात. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एवढा खटाटोप कशाला?

कुणी म्हणेल, गेमच तर आहे. पण आपल्या दोस्तासारखे काही जण पुढे खरंच उडायचं म्हणून सराव करतात. घरच्या सिमचे तास लायसन्ससाठी धरले जात नाहीत. कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं. मात्र बाहेर बघायची सवय घरी लागू शकते. आणि त्यातली मोठी गोष्ट ही: जे विमान तुमच्यावर येऊन आदळण्याच्या मार्गावर असतं, ते काचेवर सरकताना दिसत नाही. ते एकाच जागी थांबलेला बारीक ठिपका असतो, हळूहळू मोठा होणारा. अख्खं क्षितिज वळवळत असेल तर तो थांबलेला ठिपका कसा सापडणार? डोळा हलणाऱ्या गोष्टीकडेच धावतो, आणि मग लांब बघायचंच सोडून देतो.

तर मंडळी, नवीन कार्ड घ्यायच्या आधी डेस्कटॉप बघा, स्क्रीनशॉट काढा, पॉज करून बघा. मग रेंडर स्केल, १६एक्स, शार्पनिंग, टीएए, याच क्रमाने. एवढं करूनही ठिपके डेस्कटॉपवर दिसलेच, तर दुकानदार बरोबर आहे. पण ते ठरवायचं तुम्ही बघून.

तुमचा प्रश्न पाठवताना सिमचं नाव, कार्डाचं नाव आणि पॉज केल्यावर काय होतं, एवढं नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!