ओळ सोडू नका



परीक्षा जवळ आली की घरोघरी शब्दार्थांचं पाठांतर सुरू होतं. उदास म्हणजे दुःखी. कौतुक म्हणजे प्रशंसा. एका शब्दापुढे एकच अर्थ, मध्ये बरोबरचं चिन्ह. ते चिन्ह मला फार खुपतं.

'उदास'च घ्या. तुकोबा सांगतात, धन चांगल्या व्यवहारानं जोडावं आणि उदास विचारानं खर्चावं. आता पाठ केलेला अर्थ इथं लावून बघा बरं! पैसे देताना माणसानं तोंड पाडून बसायचं का? तुकोबांचा उदास म्हणजे अलिप्त, पैशात जीव न अडकवणारा. बालकवींच्या कवितेतली उदासीनता मात्र कारण न सापडणारी खिन्नता आहे. दोन्ही अर्थ खरेच. कुठला कुठं, ते वाक्य सांगतं.

मोहरीचा दाणा नुसता चावला तर काय कळतं? जरासा कडवटपणा. तीच मोहरी तापल्या तेलात तडतडली की आमटीचा वास घरभर होतो, आणि फेसून लोणच्यात घातली की झणका थेट नाकात जातो. शब्दाचंही तसंच. शब्दकोश हा मिसळणाचा डबा. डबा घरात हवाच, पण डब्यातून कुणी जेवत नाही.

आणि कोशकारांना हे ठाऊक होतं! दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. त्यात कितीतरी अर्थांपुढे जुन्या ग्रंथातली एखादी ओळ दिलेली असते, शेवटी ज्ञानेश्वरीसाठी 'ज्ञा' किंवा तुकारामगाथेसाठी 'तुगा' असं आखूड नाव आणि आकडे. आपण अर्थ उतरवून घेतो आणि ओळ सोडतो. अहो, तीच तर वाचायची! आकडा धरून मूळ ग्रंथ काढा, मागच्यापुढच्या दोन ओव्या मुलांसोबत मोठ्यानं वाचा. पुन्हा सांगतो, ओळ सोडू नका.

आता 'कौतुक' घ्या. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मराठी बोल अमृताशी पैज लावतात, तिथं 'कौतुकें' आलं आहे. आपण ते सरळ वाहवेशी जोडून मोकळे होतो. तिथं भाव आहे तो सहज, लीलया असा.

'रस' तर राहूनच गेला. उसाचा रस, शांतरस, आणि 'मला त्यात रस नाही' यातला रस, यांचं एकमेकांशी नातं काय, ते आज सांगायचं होतं. पण वेळ संपली, ते पुढच्या वेळी. तोवर घरात कोश असेल तर 'रस' काढून ठेवा, त्याखालच्या ओळींसकट.