विद्यापीठाचा उंबरठा ओलांडताना



परीक्षांचे निकाल लागले की आमच्या सीमाभागात घरोघर एकच प्रश्न निघतो: पोराला आता पुढे कुठे घालायचे? निपाणीच्या मुलाला सुमारे ४० किलोमीटरवरचे कोल्हापूर जवळचे वाटते. बेळगावची मुलगी राणी चन्नम्मा विद्यापीठाचा, नाहीतर दक्षिणेस धारवाडचा विचार करते. कोठे जावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. गेल्यावर तेथे कसे राहावे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आज त्याविषयीच चार शब्द बोलावे असे योजिले आहे.

आमच्या भागाचा आणि विद्यापीठांचा संबंध मोठा मौजेचा आहे. बेळगावात १९३३ साली लिंगराज महाविद्यालय निघाले, तेव्हा ते मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले आणि आमच्या पदव्या धारवाडहून येऊ लागल्या. १९८२ साली त्याच विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र बेळगावास आले, आणि २०१० साली त्याचे राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. तिकडे कोल्हापुरास १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाची स्थापना झालेली होतीच. त्यामुळे आजोबांची पदवी मुंबईची, वडिलांची धारवाडची, मुलीची राणी चन्नम्माची आणि कागलच्या मामेभावाची शिवाजी विद्यापीठाची, असे घर आमच्याकडे नवलाचे नाही. निपाणीला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय तर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. निपाणीची मुले सकाळी राज्याची हद्द ओलांडून वर्गात बसतात आणि दुपारच्या जेवणाला पुन्हा कर्नाटकात येतात!

हद्द ओलांडणे आमच्या अंगवळणी पडलेले आहे. तरीही शाळेतून विद्यापीठात पाऊल टाकताना जी हद्द लागते, ती याहून कठीण आहे, असे इतकी वर्षे शिकविल्यानंतर मला वाटू लागले आहे. शाळेत तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत, तर आम्ही शिक्षक शेजारच्या मुलाकरवी निरोप पाठवितो. फी राहिली असेल तर तुमच्या वडिलांना बाजारात गाठून सांगतो. विद्यापीठात असे कोणी करीत नाही, आणि याचा राग मानू नये. तीन जिल्ह्यांतील शेकडो महाविद्यालये एका विद्यापीठाखाली असतात. हजारो मुलांचे अर्ज, परीक्षा आणि निकाल तेथे सांभाळावयाचे असतात. एवढ्या पसाऱ्यात तुमच्या मनातील अडचण कोणास आपोआप कळणार? तेथे कोणी होऊन विचारीत नाही, म्हणून आपणच विचारावयास शिकले पाहिजे. माझ्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. बाकी सारा त्याचा विस्तार.

माझा एक विद्यार्थी होता. आई विड्या वळून घर चालवीत असे; हजारी विड्यांच्या मजुरीतून तिने त्याच्या प्रवेशाचे पैसे साठविले होते. मुलगा हुशार. दूरच्या एका शहरात तो शिकावयास गेला आणि दिवाळीला परत आला, तो पुन्हा गेलाच नाही. चौकशी करता कळले ते असे: त्याचा एक दाखला राहिला होता. दोनदा खिडकीपाशी गेला, दोन्ही वेळा ‘उद्या या’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्यांदा जाण्याचा त्याला संकोच वाटला. वर्गात व्याख्याने इंग्रजीत चालत. ती आपल्या एकट्यालाच समजत नाहीत आणि बाकीच्यांना सारे उमगते, अशी त्याची समजूत झाली. तो मागच्या बाकावर गेला, आणि मग वर्गाबाहेर. त्याला बुद्धीची उणीव नव्हती. तीन महिन्यांत त्याने कोणापुढेही तोंड उघडले नाही, इतकेच. असे परत आलेले मूल ‘मन लागेना’ एवढेच सांगते, आणि घरचेही त्यावर विश्वास ठेवतात.

म्हणून पहिली गोष्ट कागदपत्रांची. कर्नाटकातील पी. यू. सी. करून महाराष्ट्रातील विद्यापीठात जाणाऱ्यास शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रके यांच्या जोडीला मंडळाचा स्थलांतर दाखला, म्हणजे ज्यास मायग्रेशन म्हणतात तो, लागतो. विद्यापीठाकडून पात्रतेची मान्यताही घ्यावी लागते. हे राहिले की निकाल अडकतो. नावाकडेही लक्ष द्या. आमच्याकडे एकाच मुलाचे नाव एका कागदावर कन्नडवरून आणि दुसऱ्यावर मराठीवरून इंग्रजीत उतरलेले असते. आडनाव कोठे आधी, कोठे शेवटी, तर कोठे नुसते आद्याक्षर! शाळेचा दाखला, गुणपत्रक, आधार आणि बँकेचे पुस्तक ही चारही समोर ठेवून नाव ताडून पाहा आणि तफावत असल्यास गाव सोडण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्या.

सवलतींचीही चौकशी करावी. महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी वेगळी तरतूद आहे. त्याकरिता विहित नमुन्यातील दाखले लागतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मूळ रहिवासाच्या राज्याकडून मिळते, मग शिक्षण हद्दीपलीकडे चालू असले तरी. निपाणीचा मुलगा कोल्हापुरात शिकत असला म्हणजे त्याने कोल्हापुरात अर्ज करावा असा त्याचा अर्थ नव्हे. हे ठाऊक नसल्याने किती हक्काचे पैसे पडून राहत असतील!

दुसरी गोष्ट वेळेची. शाळेत वर्षाअखेरची परीक्षा. जानेवारीत कंबर कसली तरी चालते असा तुमचा अनुभव. विद्यापीठात वर्षाची दोन सत्रे असतात. एका सत्रात प्रत्यक्ष शिकविण्याचे दिवस नव्वदांच्या आसपास. गणपती येऊन जातात तोच अंतर्गत चाचण्या सुरू होतात आणि त्यांचे गुण अंतिम गुणांत मिळविले जातात. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. तेव्हा पहिले दोन महिने गाव पाहण्यात घालवू नका. पुढच्या साऱ्या वर्षाचा पाया तेवढ्यात बसतो.

तिसरी गोष्ट भाषेची. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलास पहिले सत्र जड जाते, यात संशय नाही. यावर एक साधा उपाय आहे. जो विषय उद्या वर्गात होणार, तो आज रात्री मराठीत वाचावा. वाईहून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आता संगणकावर आणि मोबाईलवर विनामूल्य वाचावयास मिळतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. शास्त्रांपासून कलांपर्यंत हजारो नोंदी त्यात आहेत. मराठीत कल्पना स्पष्ट झाली की इंग्रजी पाठ्यपुस्तक निम्मे सोपे होते. मग एका वहीत रोज दहा पारिभाषिक शब्द अर्थासह लिहावे. सत्र संपेपर्यंत ती वही तुमचा स्वतःचा कोश होईल.

आणि आपल्याकडे काय आहे, तेही विसरू नका. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, चित्रपटांमुळे हिंदी आणि शाळेत इंग्रजी: सीमाभागातील मूल चार भाषांत वावरते. पुण्यामुंबईच्या मुलास ही मिळकत सहसा लाभत नाही. धारवाडला किंवा बेळगावास शिकणाऱ्यांनी कन्नड नुसते बोलण्यापुरते न ठेवता लिहावयास व वाचावयासही शिकावे. त्याने आपली मराठी उणी होत नाही. उलट वर्गात, कचेरीत आणि उद्या नोकरीत चार दारे अधिक उघडतात.

ग्रंथालयात पहिल्या आठवड्यातच जा. तेथील सेवकांना विचारा: माझा विषय हा, पुस्तके कोठे आहेत? प्राध्यापकांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या. ‘सर, काही समजले नाही’ असे म्हटले तर ते तरी कोठून आरंभ करणार? ‘येथपर्यंत समजले, या पायरीवर अडलो’ असे सांगणाऱ्यास परत पाठविणारा शिक्षक मला फारसा ठाऊक नाही. आम्हां शिक्षकांना प्रश्नांचा आनंदच वाटतो.

वसतिगृहात एकाच गावची चार मुले एका खोलीत राहावयास पाहतात. पहिले आठ दिवस त्याने धीर येतो. पुढे त्याच चौघांचे जग होऊन बसते. एक तरी मित्र दुसऱ्या जिल्ह्याचा, एक तरी दुसऱ्या भाषेचा जोडा. वडील विद्यार्थी गमतीच्या नावाखाली छळ करू लागले, तर मुकाट्याने सोसू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ सालीच त्याविरुद्ध कडक नियम केले आहेत आणि १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी हा क्रमांक लिहून ठेवावा. प्रत्येक विद्यापीठात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती असणे कायद्याने बंधनकारक आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

पैशाची ओढ असणाऱ्यांनी काम करण्यास लाजू नये. शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. पुढे कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रम करून शिकण्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. कोल्हापूर आणि पुणे या दोन्ही विद्यापीठांत आजही ‘कमवा व शिका’ योजना चालते. बागेत, ग्रंथालयात किंवा कचेरीत दोनतीन तास काम करून शिकलेल्या मुलाची पदवी कोणाहून कमी मोलाची नसते.

शेवटी पालकांस एक विनंती. मुलगा पहिल्यांदा घरी आला की ‘मार्क किती?’ हा प्रश्न चार दिवस बाजूला ठेवा. ‘कोणाशी ओळख झाली? काही अडले का? अडले तेव्हा कोणाला विचारलेस?’ असे पुसा. या शेवटच्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसेल, तर काळजीचे कारण आहे असे समजा आणि त्याच्या जुन्या शाळेत आम्हांला येऊन भेटा. गुणपत्रक हाती दिले म्हणजे आमचे नाते संपले, असे आम्ही मानीत नाही.

मुलांनो, खिडकीवरचा माणूस ‘उद्या या’ म्हणाला, तर उद्या अवश्य जा, परवाही जा. आपला कागद, आपली शंका आणि आपला हक्क यांविषयी विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. सभ्यपणे, न कंटाळता विचारीत राहिलात, तर एवढे मोठे विद्यापीठही हळूहळू आपले वाटू लागेल.