दहा आज्ञा आणि एक शिंपी

आज सिनेमाबद्दल बोलायचंय आणि थोडं धर्माबद्दलही. घाबरू नका, प्रवचन देणार नाहीये.

ज्यू आणि ख्रिस्ती धर्मातल्या दहा आज्ञा तुम्ही ऐकल्या असतील. खून करू नकोस, चोरी करू नकोस, खोटी साक्ष देऊ नकोस, वगैरे. ऐकायला किती सोप्या, नाही का? पोलंडचा दिग्दर्शक क्रिस्तॉफ किस्लोवस्की आणि त्याचा सहलेखक क्रिस्तॉफ पिएसिएविच, जो मुळात वकील, या दोघांनी १९८० च्या दशकात त्या आज्ञा वॉर्सा शहरातल्या एका साध्या हाउसिंग कॉलनीत आणून ठेवल्या. त्यातून टीव्हीसाठी ‘डेकालॉग’ तयार झालं. साधारण एकेक तासाच्या १० फिल्म्स. नावात आज्ञा लिहिलेली नाही, फक्त नंबर.

पाचवी घ्या. एक तरुण मुलगा काहीही धड कारण नसताना एका टॅक्सी ड्रायव्हरला मारतो. मग सरकार त्याला फाशी देतं. दोन्ही मृत्यू कॅमेरा सावकाश दाखवतो, नजर चुकवू देत नाही. भाषणबाजी नाही. पण आपल्या मनात प्रश्न उरतो: ‘खून करू नकोस’ हे फक्त त्या पोराला सांगितलंय, की सरकारलाही?

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती आठवी. झोफिया ही वयस्कर बाई विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवते. अमेरिकेहून आलेली एल्झबेटा तिच्या वर्गात बसते आणि एक गोष्ट सांगते. १९४३ साल, नाझींच्या ताब्यातलं वॉर्सा. सहा वर्षांच्या एका ज्यू मुलीला लपवायचंय. त्यासाठी तिचा बाप्तिस्मा झाल्याचं दाखवायला हवं. एक ख्रिस्ती जोडपं आधी हो म्हणतं आणि ऐनवेळी नकार देतं. कारण काय, तर आम्ही देवासमोर खोटं बोलू शकत नाही! ती मुलगी म्हणजे एल्झबेटा. आणि नकार देणारी बाई म्हणजे झोफिया.

म्हणजे आज्ञा पाळली म्हणून एक लेकरू रस्त्यावर? थांबा. खरं कारण वेगळंच होतं. त्या मुलीला पुढे ज्यांच्या घरी ठेवायचं होतं ते लोक गेस्टापोचे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचे, हस्तक आहेत अशी खबर आली होती. झोफियाचा नवरा भूमिगत चळवळीत होता. मुलीला आत घेतलं तर सगळेच पकडले जातील, ही भीती. आज्ञा हा नुसता बहाणा होता. आणि पुढे कळलं की ती खबरच खोटी होती.

ज्याच्यावर संशय घेतला तो माणूस शिंपी. एल्झबेटा त्याला भेटायला जाते. तो कपडे शिवून द्यायला तयार आहे, पण जुन्या दिवसांबद्दल एक शब्द बोलत नाही. शेवटी दुकानाच्या खिडकीतून तो नुसता बाहेर बघत राहतो.

आता मला सांगा, यात खोटी साक्ष कुणी दिली? कोर्टात तर कुणीच उभं नव्हतं. कुणीतरी काहीतरी सांगितलं, बाकीच्यांनी ते खरं धरलं. घाबरून, चांगल्या हेतूने. आपल्या फोनवर दुसरं काय होतं? ‘फलाण्यापासून सावध राहा’ असा मेसेज येतो, सोबत फोटो. आपण काळजीपोटी तो पुढच्या तीन ग्रुपवर टाकतो. कुठेतरी तो फोटोतला माणूस खिडकीशी बसलेला असतो.

सिनेमा आज्ञेचा अर्थ लावतो तो असा. नियम समजावून सांगत बसत नाही. तो मोडला की कुणाचं काय होतं, त्याचा चेहरा दाखवतो. तुम्ही ख्रिस्ती असा, नसा, देव माना, न माना, तो चेहरा टाळता येत नाही.

तर या वीकेंडला एक तास काढा आणि आठवा भाग बघा. फोन बाजूला ठेवून, बरं का! बघून झाला की मला नक्की कळवा: शिंपी बोलला असता, तर काय बोलला असता? भेटू पुढच्या भागात.