हृदयापासून पायवाटेपर्यंत



मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून पाहा. ठोका लागतो ना? ही नाडी. मोठ्या माणसाची नाडी स्वस्थ बसल्यावर मिनिटाला सुमारे ७० ते ७५ वेळा पडते. म्हणजे दिवसाकाठी एक लाखावर ठोके. आणि हे श्रम करणारे हृदय केवढे? ज्याच्या त्याच्या मुठीएवढे!

हृदयाला चार कप्पे असतात. अंगभर फिरून थकलेले रक्त उजव्या बाजूस येते आणि तेथून फुप्फुसांत जाते. तेथे प्राणवायू घेऊन ते डाव्या बाजूस परतते, आणि डावा खालचा कप्पा ते जोराने सर्वांगात ढकलतो. मध्ये झडपा असतात. त्या एकाच बाजूस उघडतात, म्हणून रक्त मागे फिरत नाही. रक्त असे फेरी घालते, हे विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली सिद्ध केले. पण रोहिणीतले रक्त नीलेत शिरते कोठून, ते त्याला दिसले नाही. त्या केसाहून बारीक वाहिन्या १६६१ साली माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या.

आता आपल्या विसरवाडीचेच पाहा. कोंडाईबारीचा घाट उतरून मालमोटार हमरस्त्याने गावात येते. पण त्यातले धान्य पाड्यावरच्या घरी पोचायचे, तर आधी फाटा, मग कच्चा रस्ता आणि शेवटी पायवाट. केशवाहिनी म्हणजे ही पायवाट. तिच्यातून रक्तातल्या तांबड्या पेशी अंग चोरून, एकीमागे एक जातात. प्राणवायू पोचता होतो तो इथेच.

पेशी लवचिक असली तर सहज निघून जाते. पण सिकलसेल या आजारात प्राणवायू सोडला, की पेशी विळ्यासारखी वाकते, ताठ होते आणि वाटेत अडकते. हृदय ढकलते आहे, पण पायवाट बंद! मग हाडांत, सांध्यांत, पोटात कळा येतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. ही १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून अंगात रक्त कमी पडते. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजांत हा आजार बराच आढळतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, एखादे मूल वारंवार गैरहजर राहते, कवायतीत बसून घेते, डोळे पिवळसर दिसतात. त्याला आळशी म्हणण्याआधी त्याचे रक्त तपासायला सांगा. आजार असलाच, तर त्याला हवे तेव्हा पाणी पिऊ द्या, गारठ्यात उभे करू नका. ताप आला, छातीत दुखले, दम लागला, तर वेळ न दवडता दवाखान्यात न्या. यावर औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावीत.

ही कुणाची करणी नव्हे, आणि शिवल्याने लागणारा रोगही नव्हे. तो आईबापांकडून येतो. दोघेही नुसते वाहक असले, तर त्यांना स्वतःला बहुधा काही त्रास नसतो; पण प्रत्येक बाळंतपणात चारात एक या प्रमाणात मुलाला आजार होण्याचा संभव असतो. २०२३ च्या जुलैत या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिची मुदत २०४७ पर्यंतची आहे. पण आपल्या घरची मोहीम आपल्याच हाती आहे. सोयरिकीची सुपारी फुटण्याआधी मुलाने आणि मुलीने बोटातले थेंबभर रक्त तपासून घ्यावे. त्या थेंबाला दुखते क्षणभर. आजाराचे दुखणे जन्मभराचे असते.