दोन शेजारणी : वारणा आणि पंचगंगा



आज ज्या दोन नद्यांविषयी बोलायचं आहे, त्यांची नावं तुम्हांला ठाऊक आहेत. वारणा आणि पंचगंगा. दोघी सह्याद्रीच्या लेकी, दोघी कृष्णेला मिळणाऱ्या. वारणा सांगलीजवळ हरिपूरला मिळते, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला. पाऊस एकाच वाऱ्याचा, कातळही एकाच जातीचा. तरी दोघींच्या पुराची तऱ्हा निराळी. असं का? याचं एक मोठं कारण त्यांच्या खोऱ्यांच्या आकारात आहे.

आपल्या हाताचा पंजा फाकून जमिनीवर ठेवा. अंगठा सोडला की चार बोटं राहतात : कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती. पाचवी सरस्वती गुप्त आहे, असं लोक मानतात. यांतल्या काही वाटेतच एकमेकींना भेटतात. पण प्रयाग चिखलीला येईपर्यंत चौघींचं पाणी एक होतं. तळवा म्हणजे चिखलीचा संगम, मनगट म्हणजे पुढची पंचगंगा, आणि मनगटाला लागूनच कोल्हापूर शहर.

वारणेचं खोरं मात्र केळीच्या पानासारखं आहे, लांब आणि अरुंद. मधल्या शिरेसारखी वारणा वाहते. शाहूवाडीकडून कडवी येते, शिराळ्याकडून मोरणा येते. पण एकीमागून एक. पालखीला गावोगावच्या दिंड्या वाटेत मिळत जातात, तसं हे आहे. पंचगंगेचं तसं नाही. तिथं चार वाटांनी आलेली जत्रा एकाच दारात गाठ पडते. डोंगरापासून संगमापर्यंतची वाट कुणाचीच फार लांब नाही. गगनबावडा, राधानगरी आणि विशाळगड या तिन्ही बाजूंना एकाच रात्री पावसानं जोर धरला, की दाराशी चेंगराचेंगरी ठरलेलीच. पूर लवकर चढतो आणि उंच चढतो.

पण आकार हे काही एकमेव कारण नव्हे. वारणेवर चांदोलीला सुमारे 34 टीएमसी पाणी अडतं. भोगावतीवर शाहू महाराजांनी सुरू केलेल्या राधानगरी धरणात आठ टीएमसीहून थोडंच अधिक. शिवाय खाली कृष्णा भरलेली असली, की दोघींचंही पाणी तुंबतं आणि फुगवटा मागं सरकतो. म्हणून वारणाकाठानंही निर्धास्त राहू नये. लांब खोऱ्यातला पूर उशिरा येतो, पण रेंगाळतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे मुलांना मोजून दाखवता येईल. 1932 साली रॉबर्ट हॉर्टन या अमेरिकन अभियंत्यानं सोपी रीत सांगितली. खोऱ्याच्या क्षेत्रफळाला त्याच्या लांबीच्या वर्गानं भागायचं. समजा, दोन खोरी प्रत्येकी 100 चौरस किलोमीटरची आहेत. एकाची लांबी 25 किलोमीटर, तर उत्तर 0.16. दुसऱ्याची साडेबारा, तर उत्तर 0.64. आकडा जितका लहान, तितकं खोरं निमुळतं. नकाशा चौकटीच्या कागदावर उतरवून घ्या आणि चौकटी मोजा. एका तासाचा पाठ होईल.

आणि याचा उपयोग? नदीकाठचा माणूस आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहतो. शिरोळच्या बाजूला ऊन असतं, म्हणून गुरं दावणीलाच राहतात. पण पूर ठरतो तो घाटमाथ्यावर. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्याशी 39 फूट ही इशाऱ्याची पातळी आहे आणि 43 फूट धोक्याची. 2019 आणि 2021 साली पाणी या दोन्ही रेषांच्या कितीतरी वर गेलं. तेव्हा पावसाळ्यात चारी बोटांकडची बातमी ठेवा. एकाच बोटावर पाऊस असेल, तर थोडी उसंत आहे. चारींवर असेल, तर इशाऱ्याची वाट पाहू नका. म्हातारी माणसं, लेकरं आणि गुरं दिवसाउजेडी वर हलवा.

पुराचं पाणी जिथवर आलं होतं, तिथं शाळेच्या भिंतीवर रेघ ओढून साल लिहून ठेवा. आपण विसरलो, तरी भिंत विसरणार नाही.