नावाला भुलू नका, बांधणी पाहा



हल्ली घर बांधून देणारे म्हणतात, "आमचे घर पर्यावरणपूरक. माती-दगडाचे, जुन्या चालीचे." ऐकायला गोड लागते. पण आपण विचारू या, यात खरे किती?

मातीची भिंत जाड असली की घर उन्हाळ्यात गार राहते. हे अगदी खरे. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. किल्लारीला भूकंप झाला. माळवदावर मातीचा जाड थर होता. खालच्या भिंतीतले दगड एकमेकांत नीट गुंतवलेले नव्हते. घरे कोसळली. झोपेतच हजारो माणसे गेली. दोष मातीचा नव्हता, बांधणीचा होता.

म्हणून पैसे देण्याआधी आपण तीन गोष्टी विचारू. छपराचे ओझे किती? भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड आणि चारी भिंतींवर फिरणारा पट्टा आहे का? पावसाने भिंत धुपू नये म्हणून जोते उंच आणि वळचण रुंद आहे का?

नीट उत्तर मिळाले नाही, तर पैसे कनवटीलाच ठेवू.

आणि गच्ची तापते? वर पांढरा चुना फासू. खर्च थोडा, गारवा खरा!