भाषेचा प्रश्न कोणाला विचारावा?



पिकावर कीड पडली, तर कृषी सहायकाला गाठावे. बैल खाईनासा झाला, तर जनावरांच्या डॉक्टरला बोलवावे, हे आपल्याला ठाऊक असते. पण भाषेविषयी प्रश्न पडला, तर तो कोणाला विचारावा? ज्वारी तर थंडीत वाढते, मग त्या हंगामाला ‘रब्बी’ का म्हणायचे? आपण ‘खुरपणी’ म्हणतो, नाशिककडचा पाहुणा ‘निंदणी’ म्हणतो आणि कोल्हापूरकडे त्याच कामाला ‘भांगलण’ म्हणतात, हे कसे? असे प्रश्न पारावर निघतात, दोन घटका रंगतात आणि तिथेच विरून जातात. त्यांना आपल्या शाळांतून एक कायमची जागा मिळावी, एवढेच आज मला सांगायचे आहे.

विचारणे ही मराठीची जुनी रीत आहे. प्रवरेकाठी नेवाशाला शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तीही अर्जुनाने विचारावे आणि श्रीकृष्णाने सांगावे अशीच चालते. पुढे इंग्रजी अमदानीत मोल्सवर्थसाहेबाने मराठी-इंग्रजी कोश केला, तो १८३१ साली छापून निघाला. त्याच्या हाताशी कँडी बंधू होते आणि आपले पंडित होते. शब्द कसा वापरतात, हे त्याला इथल्या माणसांनाच विचारावे लागले. ग्रियर्सनने हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी केली, तेव्हा घर सोडून गेलेला मुलगा बापाकडे परत येतो ही एकच गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेतली. त्या पाहणीचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींची पाहणी केली. एकाच वस्तूला गावोगाव काय म्हणतात, हे तिथेही लोकांच्याच तोंडून ऐकले गेले. थोडक्यात काय, तर पंडितालाही शेवटी तुमच्या-आमच्या दारी यावे लागते.

आता उत्तर कसे शोधायचे ते पाहू. ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ हे शब्द मूळचे अरबी. खरीफ म्हणजे शरद ऋतू, रबी म्हणजे वसंत. ही नावे पेरणीवरून पडलेली नाहीत, काढणीवरून पडली आहेत. आपल्या शाळूची कापणी वसंताच्या तोंडाशी येते, मग नाव बरोबर बसले की नाही?

दुसरा प्रश्न जरा नाजूक आहे. आपल्याकडची पुष्कळ मुले ‘पाणी’ न म्हणता ‘पानी’ म्हणतात. ते का? कोणी म्हणेल, जीभ जड आहे. कोणी म्हणेल, मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’, त्यात ‘न’च आहे, तेव्हा मुलांचेच बरोबर! पण घाई करू नये. हीच मुले ‘गुण’ला ‘गुन’ आणि ‘बाण’ला ‘बान’ म्हणतात, आणि या शब्दांत संस्कृतातही ‘ण’च आहे. म्हणजे संस्कृतातला ‘न’ जपून ठेवला, हे काही खरे नव्हे. या बोलीत ‘ण’च्या जागी सरसकट ‘न’ येतो, हा तिचा नियम आहे. आणि जिथे नियम आहे, तिथे चूक कशी म्हणावी? एका शब्दावरून निकाल देऊ नये, चार शब्द ताडून पाहावेत, ही भाषेच्या अभ्यासाची पहिली पायरी आहे. तिसरी-चौथीतल्या मुलालाही ती चढता येते.

यात नुसती गंमत नाही. मूल ‘पानी’ म्हणाले आणि वर्ग हसला, तर ते मूल पुढच्या वेळी हात वर करीत नाही. अकोल्याच्या डोंगरात ठाकर आणि महादेव कोळी मुले घरची बोली घेऊन शाळेत येतात; त्यांची तोंडे तर फार लवकर मिटतात. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वांनाच आहे. पण मराठी थोर आणि आपल्या घरातले बोलणे मात्र अशुद्ध, असे मुलाला वाटले, तर त्या आनंदात त्याचा वाटा कोणता? लिहिताना ‘पाणी’ लिहायचे, हे गुरुजींनी जरूर शिकवावे. पण घरचे ‘पानी’ही मराठीच, हे त्याच दमात सांगावे.

दुसरी गोष्ट म्हाताऱ्या माणसांची. विजेचे पंप आले आणि मोट गेली. बैलांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण मोटेबरोबर नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्दही चालले आहेत. ज्याने मोट हाकली, त्यालाच ते नीट सांगता येतील. नातवाने वही घेऊन आजोबांपुढे बसावे. शाळेची पायरी न चढलेला माणूस त्या घटकेला गुरुजी होतो.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक शाळेत एक जाड वही ठेवावी. डाव्या पानावर प्रश्न लिहावा, उजवे पान उत्तरांसाठी मोकळे ठेवावे. प्रश्न कोणीही विचारावा, मुलाने, पालकाने, दळणाला आलेल्या बाईनेही. उत्तर लिहिताना शब्द कोणत्या गावचा, सांगणाऱ्याचे वय काय आणि तो वाक्यात कसा येतो, एवढे टिपावे. वस्तू असेल, तर चित्र काढावे. ‘मला वाटते’ आणि ‘मी ऐकले’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. उत्तर सापडले नाही, तर पान कोरेच राहू द्यावे, ओढूनताणून भरू नये. महिन्याच्या शिक्षण परिषदेला केंद्रातल्या शाळांनी आपापल्या वह्या आणाव्यात आणि अडलेले प्रश्न एकमेकांपुढे ठेवावेत. पाथर्डीला अडलेला शब्द शेवगावला सुटेल, संगमनेरचा राहुरीला.

याला फारसा पैसा लागत नाही. पहिला प्रश्न हवा असेल, तर मीच देतो. पेरणीपूर्वी जमीन सारखी करायच्या अवजाराला तुमच्या गावात ‘कुळव’ म्हणतात की ‘वखर’? आणि कोणत्या गावापासून पुढे हा शब्द बदलतो? उद्या सकाळी वर्गात विचारून पाहा.